चार स्क्रू उरले

९ जानेवारी २०२६, शुक्रवार. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे लागेल.

अकरा चाळीसला मी आडगावला ट्रक टर्मिनसमागच्या फकिरा मिस्त्रीच्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझ्या ट्रकचा डॅशबोर्ड मला जमिनीवर दिसला. गोणपाटावर उताणा पडलेला. मध्यापासून उजव्या टोकापर्यंत तडा — दोन बोटं आत जातील एवढा! केबिनमध्ये त्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या, शेवया वाळत घातल्यासारख्या.

गाडी कशासाठी पाठवली होती? मीटरचा दिवा लागत नाही म्हणून. दिवा. डोळे तपासायला गेलेल्या माणसाची आतडी बाहेर काढून ठेवावीत, तसं झालं.

"हे काय?"

"ताई, डॅशबोर्ड उतरवलाय."

"उतरवलाय की फोडलाय?"

फकिराने झुंबरकडे पाहिलं. झुंबरने — बावीस वर्षं हाच आमची गाडी चालवतो — मागच्या टायरकडे पाहिलं. टायरने कोणाकडे पाहिलं ते कळलं नाही.

आणि माझी पितळी पाटी! ती नटबोल्टांच्या घमेल्यात पडली होती. ग्रीसमध्ये.

१० जानेवारी

रात्रभर राग उतरला नाही. सकाळी चहाबरोबर रंगनाथना सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"जुनी गाडी आहे गं. सत्तावीस वर्षांचं प्लास्टिक. तडकतं."

"तडकत नाही. तडकवतात."

"जाऊ दे."

'जाऊ दे' हे या घराचं कुलदैवत आहे. गाडी यांनी घेतली, कागद माझ्या नावावर केले, पंचवीस वर्षं 'जाऊ दे' म्हणत चालवली. मग बायपास झाली आणि गाडी, कागद, ड्रायव्हर असं सगळंच माझ्याकडे आलं. टेलिफोन एक्स्चेंजमधून मी निवृत्त झाले ते आराम करायला नव्हेच, असं आता वाटतं.

मी आल्यावर निदान शिस्त तरी आली. डिझेलची वही आली. पाटी आली. भद्रकालीच्या बाजारातून कोरून आणलेली पितळी पाटी — थुंकू नये. धूम्रपान करू नये. चालवताना फोन घेऊ नये. विनाकारण हॉर्न वाजवू नये. खाली माझं नाव.

रंगनाथ तेव्हाही बोललेच. "झुंबरला सही सोडून अक्षर येत नाही. पाटी कोणासाठी?"

"शिस्त डोळ्यांसमोर असावी लागते. वाचता येवो न येवो."

ही पाटी लावायची तर तेवढ्याचंही नाटक! दसऱ्याचा दिवस. गाडी धुतलेली, झेंडू, ऊस, आंब्याची पानं. केबिनसमोर पाटावर झुंबरने पाने, जॅक, टॉमी, स्क्रू-ड्रायव्हर सगळं ओळीने मांडून हळदकुंकू वाहिलेलं. मी म्हटलं, पाटी लाव. तर म्हणतो, "आज हत्याराला हात नाय लावायचा बाई. आज त्यांचा दिस. उद्या सकाळी लावतो, नीट बघून."

हत्यारांची सुट्टी! स्क्रू-ड्रायव्हरला पगारी रजा! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर त्यांनी त्याच स्क्रू-ड्रायव्हरने त्याचे कान साफ केले असते. मी पाटावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, कुंकू पदराला पुसलं आणि दहा मिनिटांत पाटी माझ्या हाताने लावली. चार कोपरे, चार स्क्रू. सरळ. झुंबर दाराशी उभा राहून नुसता "बाई... बाई..." करत होता.

आता तीच पाटी ग्रीसमध्ये. कामाचा दिवस असूनही यांच्या हातांना काही सुधरत नाही!

१२ जानेवारी

पुन्हा शेडमध्ये. आजपासून रोज जाणार. हे लोक नजरेखाली असले की बरे असतात.

फकिराची कामाची पद्धत पाहिली. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची दांडी तारेने बांधलेली. डॅशबोर्ड उतरवताना प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या काडेपेटीत ठेवतो. मीटरचे एकीत, सामानाच्या कप्प्याचे दुसरीत, कडेच्या पट्टीचे तिसरीत. काडेपेट्या फळीवर क्रमाने. प्रत्येक वायरीला रंगीत लोकरीचा धागा बांधलेला — बायकोच्या स्वेटरातून उरलेली लोकर.

"ही काय राखीपौर्णिमा आहे का?" मी विचारलं.

"खूण हाय ताई. निळी निळीला, पिवळी पिवळीला. गाडीचा एक स्क्रू हरवत नाय माझ्याकडनं. तीस वर्षं झाली."

मी घरून स्टिकर आणले होते. ए-वन, ए-टू, बी-वन. प्रत्येक वायरीला स्वच्छ अक्षरात लेबल लावून दिलं. लोकर काढा म्हटलं. "राहू द्या ना ताई, दोन्ही राहू द्या," म्हणाला. गोड बोलून मनासारखं करणाऱ्यांची ही एक जात असते.

मग वायरींचा तो काळा झालेला जुडगा दिसला. मधेच एका ठिकाणी जळून चिकटलेला.

"हे कशाने?"

"शॉर्ट झालं असंल."

"असंल म्हणजे? मी बत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली आहेत, शेवटची चौदा टेस्ट डेस्कवर. वायर आपोआप जळत नाही. तिला काहीतरी टोचतं, काहीतरी चिरडतं. नव्या मुलींना पहिल्या दिवशी पहिला धडा मी हाच द्यायचे — काही ठोकायच्या आधी मागे काय जातंय ते हात घालून बघा. मागचं न बघता पुढून ठोकणारा माणूस गाढव असतो!"

फकिराला खोकला आला. झुंबर पाणी आणायला गेला. पाणी कोणी मागितलं नव्हतं.

"मागची बाजू दाखवा डॅशबोर्डची," मी म्हटलं.

"नका ताई. जुनं फायबर हाय, हाताला लागलं की खाज सुटते. दोन दिस जात नाय."

माझ्या हातांची केवढी काळजी!

१३ जानेवारी

माझे स्टिकर डिझेलच्या हाताने निघून गेले. सगळे. लोकर टिकली. हे मी फक्त इथे लिहिते आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन शेडमध्ये गेले. सगळ्यांना वाटला. फकिरा म्हणाला, "मग आता ताई आमच्याशी गोड बोलणार." म्हटलं, तिळगूळ दिलाय, आश्वासन नाही.

झुंबरने त्याचा तिळगूळ कागदात बांधून खिशात ठेवला. धोंडाबाईसाठी. बायको तिकडे सुरगाण्याकडे पाड्यावर, हा इकडे आमच्या केबिनमध्ये झोपतो. गाडी महिनाभर उभी राहिली की याचं घरच उभं राहतं. त्याला मी शेडच्या बाजूला खाट लावून दिली आहे. नाही म्हणाला होता, पण मी ऐकते का?

१६ जानेवारी

दिंडोरी रोडच्या पॅकहाऊसमधून महेशचा फोन. तो तिथे गाड्या लावतो. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला.

"मॅडम, एक फेब्रुवारीला गाडी हवी. पासिंग झालेली. नसेल तर मी दुसरी लावतो. नंतर मला बोलायचं नाही."

आर.टी.ओ.कडे पासिंगची तारीख एकोणतीस जानेवारी मिळाली आहे. मीटर चालत नसेल, दिवे लागत नसतील तर ही गाडी पास होणार नाही, आणि या वयाच्या गाडीला दुसऱ्यांदा कोण विचारतो? मग भंगार. मग झुंबरने काय करायचं? त्रेपन्न वर्षांच्या, अक्षर न येणाऱ्या, एकच गाडी ओळखणाऱ्या ड्रायव्हरला कोण ठेवतं? हे मी फकिराला स्पष्ट सुनावलं. झुंबर समोरच होता. त्याच्यासाठीच भांडते आहे, पण त्याच्या तोंडावर आभाराची एक रेघ नाही! उलट जमिनीत शिरेल असा उभा.

१७ जानेवारी

नोटीस दिली. स्वतः टाइप केली, दोन प्रती, एकीवर पोच घेतली.

"दिनांक ९ जानेवारी २०२६ रोजी सकाळी ११.४० वाजता माझ्या मालकीच्या वाहनाचा डॅशबोर्ड आपल्या ताब्यात भग्न अवस्थेत आढळला. तो कोणी, केव्हा व कशाने फोडला याचा लेखी खुलासा शनिवार दिनांक २४ जानेवारी रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत करावा. तोंडी सबबी ऐकल्या जाणार नाहीत."

भरपाई मागितलेली नाही. मला उत्तर हवं आहे. कोणीतरी एकदा सरळ उभं राहून 'मी केलं' म्हणावं, एवढंच. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा कबुली लिहून घ्यायच्या आणि मग ती वर्गापुढे मोठ्याने वाचायला लावायच्या. लिहिताना माणूस खोटं लिहू शकतो, म्हणायच्या. मोठ्याने वाचताना आवाज फुटतो. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही. मी वाचणाऱ्यांकडे बघणाऱ्यांत असे.

फकिराने नोटीस दोनदा वाचली, घडी केली आणि फळीवरच्या काडेपेट्यांशेजारी ठेवली. "मराठी भारी हाय ताई तुमचं."

१९ जानेवारी

पुरावा झाकला!

आज गेले तर डॅशबोर्ड पालथा घालून मागून सगळा घासून काढलेला, तड्यावर लोखंडी पट्टी बसवलेली, तिच्यावर फायबरची जाळी आणि वर तो उग्र वासाचा चिकट द्रव. दोन थर. उन्हात वाळत ठेवलेला. मागे काय होतं ते आता देवाला आणि फकिराला माहीत.

"मी मागची बाजू बघायची होती."

"बघा की ताई. हीच ती."

"पहिली!"

"पहिली आता हिच्या आत हाय."

एवढं निर्ढावलेपण! मी फोटो काढले. फोटोत एक करडी फळी दिसते. रंगनाथना दाखवले, तर म्हणाले, "छान केलंय." यांना मोडलेला पाय दाखवला तरी प्लास्टर छान आहे म्हणतील.

२१ जानेवारी

समोरून तड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. पॉलिश पेपरने पाणी मारून घासली. बोट फिरवून पाहिलं, तडा कुठे होता ते बोटाला सांगता आलं नाही. काम वाईट नाही. नोटीस कायम आहे.

२२ जानेवारी

काळं रेक्झिन चढवलं. झुंबर त्याच्यावरून सारखा हात फिरवतो. व्यायला आलेल्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

२४ जानेवारी, शनिवार

पाचची मुदत. चार वाजल्यापासून टेबलाशी बसले होते. फकिराचा माणूस नाही, कागद नाही. चार चाळीसला बेल वाजली. दारात झुंबर. चपला बाहेर काढून आत आला, खुर्चीवर बसला नाही.

"बाई, मिस्तरीला नका धरू. त्याचा काय संबंध नाय."

"मग कोणाचा आहे?"

"माझ्याकडनं फुटला."

"कसा?"

"गुडघा लागला. सावळ घाटात. म्होरं म्हैस आली, करकचून बिरेक दाबला, तवा."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"भ्या वाटलं."

बावीस वर्षं! दिवाळीला नागलीचे पापड आणणारा, यांच्या ऑपरेशनच्या वेळी तीन दिवस हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेला हा माणूस — आणि दोन आठवडे माझ्यासमोर टायरकडे बघत उभा! मी तिकडे दुसऱ्याला नोटिसा देते आहे, रोज रिक्षा करून आडगावला जाते आहे, आणि हा खाटेवर बसून गंमत बघतो आहे!

आता आठवलं. नोव्हेंबरात पेठहून परत आला तेव्हा म्हणाला होता, "बाई, घाटात डॅशबोर्डातनं धूर आला, दिवे गेले." मी म्हटलं होतं, धूर तुझ्या बिडीचा असेल. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा काहीतरी लपवतो आहे.

कबुली लिहून घेतली. म्हणजे मीच लिहिली, त्याला कुठे येतंय. "डॅशबोर्ड माझ्या हातून फुटला. मी ही गोष्ट मालकिणीपासून लपवली. चूक माझी आहे." मोठ्याने वाचून दाखवली. खाली सही केली त्याने — 'झुंबर', अनुस्वार भलत्याच अक्षरावर.

मग मी सांगितलं. चुकीबद्दल नाही, लपवण्याबद्दल. पासिंगपर्यंत गाडी चालव. पासिंग झालं की किल्ली या टेबलावर.

"बरं," म्हणाला.

एवढंच. एक शब्द विनवणीचा नाही. चपला घातल्या आणि गेला.

२५ जानेवारी

महेशला फोन केला. त्याच्या ओळखीचा सनी म्हणून एक ड्रायव्हर आहे. दहावी पास. पाटी वाचू शकेल.

२६ जानेवारी

रंगनाथ माझ्याशी बोलत नाहीत. आज झेंडावंदन टीव्हीवर बघताना एकदाच बोलले.

"त्याचा गुडघा आणि डॅशबोर्ड, मध्ये स्टिअरिंग असतं उज्वला."

"मग?"

"मग काही नाही. तू बत्तीस वर्षं टेस्ट डेस्कवर होतीस."

आणि आवाज मोठा केला. टीव्हीचा.

टोमणे मारायचं काम या घरात माझं आहे. यांना ते शोभत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आज डॅशबोर्ड बसवला. सकाळी नऊपासून दुपारी अडीचपर्यंत स्टुलावर बसून एकेक गोष्ट नजरेखालून घातली.

काम मात्र बघण्यासारखं, हे कबूल. दोघांनी डॅशबोर्ड तिरका करून केबिनमध्ये घेतला, लोकरीचे धागे बघून वायरी जोडल्या. निळी निळीला, पिवळी पिवळीला. जोडणी झाली की धागा सोडून खिशात. मीटरची चौकट, कप्पा, कडेची पट्टी. एक काडेपेटी उघडायची, ती रिकामी झाली की दुसरी. मग स्टिअरिंग, मग बॅटरी. झुंबरने किल्ली फिरवली आणि मीटरचा दिवा लागला! हिरवा. मी टाळी वाजवणार होते, वेळेत सावरले.

मी पाटी पुढे केली. घरून घासून आणली होती. "ही होती तिथे लावा."

फकिरा म्हणाला, "ताई, टेपने चिकटवतो. दोन्ही बाजूंनी चिकटते ती टेप हाय माझ्याकडं. स्क्रू नको."

"माझं नाव टेपने चिकटवणार? उद्या उन्हात गळून पडायला? स्क्रूनेच."

"मग आज राहू द्या ताई. घरी न्या."

पाहिलंत? शेवटच्या क्षणी आळस! आणि तेव्हाच मला फळीवर दिसली — एक काडेपेटी. इतर सगळ्या रिकाम्या होऊन एकावर एक रचलेल्या, ही बाजूला. हलवली. वाजली. उघडली.

चार स्क्रू.

"हे काय? एक स्क्रू हरवत नाही म्हणणारे तुम्ही, चार लावायचेच विसरलात! उद्या पासिंग आहे! घाटात डॅशबोर्ड माझ्या ड्रायव्हरच्या मांडीवर आला म्हणजे?"

"ते ह्या कामातले नाय ताई."

"मग कोणत्या कामातले?"

फकिराने चष्मा काढून पुसला. झुंबर म्हणाला, "बाई, ते गाडीचे नाय. ऱ्हाऊ द्या. चला, सोडतो तुम्हाला."

उद्या निघून जाणार हा, आणि तरी मिस्त्रीची बाजू घेतो! काडेपेटी मी पर्समध्ये टाकली. पुरावा आहे. उद्या पासिंग झालं की दुसरी नोटीस — चार स्क्रू कोठून उरले, याचा लेखी खुलासा, तीन दिवसांत.

२९ जानेवारी, गुरुवार. दुपारी दोन.

पास झाली.

पेठ रोडला सकाळी आठपासून रांगेत होतो. दिवे, हॉर्न, वायपर, मीटर सगळं लागलं. साहेबाने डॅशबोर्डवर बोटाने टकटक केली. "नवा टाकला?" झुंबर म्हणाला, "जुनाच हाय सायेब. दुरुस्त केलाय." आवाजात काय तो तोरा, जसा काही नातू पास झाला!

घरी आल्यावर किल्ली टेबलावर ठेवली. मी न मागता. केबिनमधून सामान काढलं — कांबळं, स्टोव्ह, डबा, वणीच्या देवीचा छोटा फोटो. एक पिशवी भरली, दुसरी लागली नाही. बावीस वर्षांचं सामान. उद्या सकाळी सातच्या सुरगाण्याच्या एस.टी.ने निघणार. आज रात्री पेठ नाक्याला गाववाल्याकडे. रंगनाथ त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

नव्या ड्रायव्हरसाठी पाटी आजच लावून घ्यावी. संध्याकाळी बघते.

२९ जानेवारी. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

पाटीसाठी स्क्रू शोधत होते. पर्समधली काडेपेटी हाताला लागली. एक स्क्रू पाटीच्या भोकात टाकून पाहिला. बसला. दुसरा बसला. चारही बसले. पितळी, गोल डोक्याचे, दोन इंची — भद्रकालीत पाटीबरोबर मीच निवडून घेतलेले, लांब असले की घट्ट बसतात म्हणून. डॅशबोर्डची जाडी माझ्या करंगळीच्या नखाएवढी. तिसरा स्क्रू टोकापासून अर्ध्यापर्यंत काळा आहे. त्याच्या आट्यांत लाल प्लास्टिक वितळून बसलं आहे. वायरीचं.

रंगनाथना नेऊन दाखवला. म्हणाले, "त्याने सगळ्यांना शपथ घातली होती. बाईंना कळता कामा नये, त्यांना लागेल म्हणाला."

तेव्हा —

दिनांक २ ऑक्टोबर २०२५, दसरा, सकाळी सव्वादहा वाजता सौ. उज्वला रंगनाथ बोरस्ते यांनी पूजेच्या पाटावरून स्क्रू-ड्रायव्हर उचलून, मागे काय आहे हे न बघता, वाहनाच्या डॅशबोर्डात चार स्क्रू घातले. त्यामुळे तो फुटला, वायरिंग जळलं आणि एक माणूस सावळ घाटातून धुरात, दिव्यांशिवाय गाडी खाली घेऊन आला. त्याला बिडीवरून बोलण्यात आलं. २४ जानेवारीच्या कबुलीजबाबात अक्षर बरोबर आहे, सही चुकीच्या माणसाची आहे.

सदर बाईंनी याचा लेखी खुलासा उद्या सकाळी सातच्या आत, पेठ नाक्यावर, एस.टी. सुटण्यापूर्वी किल्लीसह सादर करावा. झुंबरला वाचता येत नाही. मोठ्याने वाचून दाखवावा.